रोल किती मिनिटे धुवायचा, ते कागद ठरवतो

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

कृष्णधवल रोल घरी धुऊन (म्हणजे डेव्हलप करून) स्वतःच्या हाताने प्रिंट काढणाऱ्या वाचकांची मराठवाड्यातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे: निगेटिव्ह उजेडात धरली की छान दिसते, पण कागदावर नीट उतरत नाही. त्यामुळे पहिली दोन उत्तरे जरा सविस्तर दिली आहेत. ती आधी वाचली तर पुढची सोपी जातील.

प्रश्न : इलफर्डचा एचपी५ प्लस रोल आयडी-११ डेव्हलपरमध्ये, तो १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) करून, २० अंशांवर १३ मिनिटे धुतो, अगदी तक्त्याबरहुकूम. माझ्या एन्लार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणारे यंत्र) ग्रेड २ च्या, म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टच्या (आकडा मोठा तितका कागद हार्ड), कागदावर पांढरे कपडे, कापसाची बोंडे कोरी येतात. तीच निगेटिव्ह नांदेडच्या मित्राकडे त्याच कागदावर उत्तम उतरते. दोष निगेटिव्हचा की एन्लार्जरचा? (लातूर)

उत्तर : दोष दोघांचाही नाही, त्यांचे माप जुळलेले नाही एवढेच. तुमच्याकडे कंडेन्सरचा एन्लार्जर असणार आणि मित्राकडे डिफ्यूजरचा, म्हणजे दुधी काचेचा किंवा कलर हेडचा. दिव्याची पेटी उघडून पाहा. निगेटिव्हच्या वर एक-दोन जाड फुगीर भिंगे दिसली तर तो कंडेन्सर.

निगेटिव्हमधली चांदी उजेड नुसता अडवत नाही, विखुरतेही. कंडेन्सरमधून उजेड सरळ रेषेत येतो, त्यामुळे विखुरलेला भाग लेन्सच्या बाहेर जातो आणि वाया जातो. जिथे चांदी जास्त, तिथे विखुरणेही जास्त. म्हणून निगेटिव्हचे दाट भाग, म्हणजे प्रिंटमधले पांढरे, आहेत त्याहून दाट असल्यासारखे वागतात. डिफ्यूजरचा उजेड मुळातच चहूकडून येतो, तिथे हा फरक पडत नाही. याला कॅलियर परिणाम म्हणतात. व्यवहारात त्याची किंमत साधारण एक ग्रेड धरावी. (एक्सपी२ सारख्या रंगीत रसायनात धुतल्या जाणाऱ्या फिल्ममध्ये शेवटी चांदी उरत नाही, फक्त रंगद्रव्य उरते. ती दोन्ही एन्लार्जरवर जवळपास सारखीच उतरते. मित्राच्या मदतीने खात्री करायची असेल तर ही चांगली कसोटी आहे.)

आता आकडे. ग्रेड २ चा कागद गडद काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत सुमारे १.०५ इतका घनतेचा, म्हणजे निगेटिव्हच्या काळेपणाचा, फरक पेलतो; तो साडेतीन स्टॉप होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). डिफ्यूजरसाठी निगेटिव्हच्या शॅडो (विषयातले गडद भाग) आणि हायलाइटमध्ये (उजळ भाग) इतका फरक हवा. कंडेन्सरसाठी ०.८० च्या आसपास पुरे. इलफर्डनेही याच कारणाने निगेटिव्हचा सरासरी उतार (म्हणजे कॉन्ट्रास्टचे माप) कंडेन्सरसाठी ०.५५ आणि डिफ्यूजरसाठी ०.७० असा वेगवेगळा सुचवला आहे. तक्त्यातली १३ मिनिटे ही सगळ्याच एन्लार्जरना चालावी अशी सरासरी वेळ आहे, म्हणून ती सुरुवात समजावी, निकाल नव्हे.

पुढचा रोल साडेदहा मिनिटे धुवा, म्हणजे वेळ वीस टक्के कमी करा. बाकी काहीही बदलू नका. तेच डायल्यूशन, तेच तापमान, टँक उलटवण्याची तीच पद्धत: पहिल्या १० सेकंदांत चार वेळा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार वेळा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय झाले ते कळत नाही. हातातल्या जुन्या निगेटिव्ह ग्रेड १ वर किंवा मल्टिग्रेडच्या (फिल्टर बदलून ग्रेड बदलता येणाऱ्या कागदाच्या) १ नंबर फिल्टरवर काढा, त्या वाया गेलेल्या नाहीत.

प्रश्न : डेन्सिटोमीटर (घनता मोजणारे यंत्र) नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही. माझ्या एन्लार्जरला आणि माझ्या कागदाला जुळणारी वेळ काढायची कशी? फिल्म महाग झाल्याने चार-चार रोल खर्च करणे परवडत नाही. (परभणी)

उत्तर : एका रोलमध्ये काम होते, आणि मोजणारे यंत्र म्हणून कागदच पुरेसा आहे. शेवटी निकाल त्याच्यावरच लागायचा आहे.

विषय असा निवडा ज्यात पांढऱ्याचाही पोत आहे आणि काळ्याचाही. धुतलेले सुती धोतर आणि काळी घोंगडी शेजारी-शेजारी दोरीवर टाका, दोन्हींवर सकाळचे सारखे ऊन हवे. कॅमेरा जवळ नेऊन दोन्हींचे वेगवेगळे रीडिंग घ्या. फरक चार ते पाच स्टॉप यायला हवा. सहा-सातच्या पुढे गेला तर घोंगडीवर कशाची तरी सावली पडते आहे. मग ग्रे कार्डचे (मीटरसाठीच्या मध्यम करड्या पुठ्ठ्याचे) रीडिंग घेऊन चार फ्रेम काढा: एक लेन्सवर टोपी ठेवून, आणि बाकीच्या ४००, २०० व १०० एएसए फिल्म स्पीड धरून. हाच चौकडा रोल संपेपर्यंत पुन्हापुन्हा काढा. ऊन बदलले तर थांबा.

अंधारात रोलचे तीन तुकडे करा. ३५ मिमीची एक फ्रेम मधल्या जागेसह ३८ मिमीची असते, म्हणजे बारा फ्रेमना साधारण ४६ सेंटिमीटर. त्या मापाची एक पट्टी टेबलावर आधीच चिकटवून ठेवली तर अंधारात बोटांनी माप घेता येते. कापताना एखादी फ्रेम मधोमध गेली तरी बिघडत नाही, चौकडे भरपूर आहेत. एक तुकडा १३ मिनिटे, दुसरा साडेदहा, तिसरा साडेआठ मिनिटे धुवा. प्रत्येक वेळी डेव्हलपर नवीन घ्या.

आता डार्करूममध्ये. टोपी लावून काढलेली कोरी फ्रेम एन्लार्जरमध्ये ठेवा. नेहमी ज्या आकाराचा प्रिंट काढता त्या उंचीवर हेड आणा, लेन्स एफ/८ वर, मल्टिग्रेड असेल तर २ नंबरचा फिल्टर. दोन-दोन सेकंदांनी वाढणारी टेस्ट स्ट्रिप काढा, २ पासून २४ पर्यंत. डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ ठेवा: आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदाला एक मिनिट, फायबरला (साध्या कागदाला) दोन. ही स्ट्रिप सुकल्यावर साध्या उजेडात पाहा. ओली पाहू नका, ओला काळा नेहमी फसवतो. सुरुवातीचे पट्टे करडे, मग गडद आणि एका ठिकाणापासून पुढचे सगळे सारखेच काळे दिसतील. ज्या पट्ट्यापासून फरक संपला, त्याचे सेकंद लिहून ठेवा. समजा १२ आले. कोऱ्या फिल्ममधून कागदाला पूर्ण काळे करणारी ही कमीत कमी वेळ. याहून जास्त देणे म्हणजे शॅडोतला तपशील बुडवणे.

पुढचे सगळे प्रिंट याच १२ सेकंदांवर, याच उंचीवर, याच फिल्टरने काढायचे. हात आखडून ‘जरा उजळ हवा’ म्हणून १० सेकंद दिलेत तर सगळी चाचणी फुकट जाते.

आधी फक्त घोंगडीकडे बघा. तिचे विणलेले धागे ज्या फ्रेममध्ये काळ्यातून वेगळे दिसतात, तो तुमच्या फिल्मचा खरा स्पीड. ४०० वर घोंगडी सपाट काळी आणि २०० वर धागे दिसले तर यापुढे मीटर २०० वर ठेवायचा. बऱ्याच जणांचे उत्तर छापील स्पीडच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश येते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. स्पीड ठरला की त्याच स्पीडच्या तिन्ही तुकड्यांतल्या फ्रेम शेजारी ठेवून फक्त धोतराकडे बघा. १३ मिनिटांचे धोतर कोरे, साडेआठचे मळकट करडे आणि साडेदहाच्या धोतराच्या चुण्या स्पष्ट, पण कापड पांढरेच, असे असेल तर तुमची वेळ साडेदहा. दोन तुकड्यांच्या मधले वाटले तर मधली वेळ घ्या. साडेआठसारखी कमी वेळ निवडावी लागली तर घोंगडी त्या तुकड्यावर पुन्हा तपासा, कारण धुण्याची वेळ घटली की शॅडोही थोड्या पातळ होतात.

काळे एक्स्पोजरवर ठरते, पांढरे धुण्याच्या वेळेवर. हा क्रम उलटा केला की माणूस वर्षभर गोल फिरत राहतो.

ज्यांना आकड्यातच हवे, त्यांनी २१ पायऱ्यांची स्टाउफर स्टेप वेज (पायरीपायरीने गडद होत जाणारी फिल्मची पट्टी) मिळवावी. तिची प्रत्येक पायरी ०.१५ ची असते. ती कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढा आणि पूर्ण काळ्याहून किंचित उजळ पायरीपासून पूर्ण पांढऱ्याहून किंचित गडद पायरीपर्यंत मोजा. सात पायऱ्या म्हणजे १.०५, तो तुमचा ग्रेड २. दहा भरल्या तर कागद ग्रेड ० सारखा सॉफ्ट आहे, पाचच भरल्या तर ग्रेड ३ आणि ४ च्या मधला. फिल्टर बदलून प्रत्येकाची पट्टी एकदा काढून भिंतीवर लावून ठेवावी.

प्रश्न : मल्टिग्रेड कागद असताना हा सगळा खटाटोप कशाला? निगेटिव्ह कशीही असो, फिल्टर बदलला की झाले. (अंबाजोगाई)

उत्तर : मल्टिग्रेड १९४० साली इलफर्डने आणला तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातो, आणि त्यात थोडे तथ्य आहेही. एकाच रोलवर ऊन आणि ढग दोन्ही असतील तर मल्टिग्रेडला पर्याय नाही. पण निगेटिव्ह मुळात २ किंवा २½ नंबरला बेतलेली असली तर दोन्ही बाजूंना जागा उरते. रोजच्या निगेटिव्हलाच ० किंवा ०० पर्यंत जावेसे वाटले तर थांबा: ०० हा शेवटचा फिल्टर आहे, त्यापलीकडे काही नाही. शिवाय ०० वर पांढरे भरून येतात खरे, पण चेहऱ्याचे मधले करडे निस्तेज पडतात. दुसऱ्या टोकाला ४ ते ५ नंबरला एक्स्पोजर दुप्पट द्यावे लागते (०० पासून ३½ पर्यंत ते सारखेच राहते), आणि धूळ, ओरखडे, फिल्मचे दाणे सगळेच ठळक होतात. फिल्टर विषयासाठी राखून ठेवावेत, धुण्यातली चूक झाकण्यात खर्चू नयेत, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : मे महिन्यात नळाचे पाणी ३१ अंशांच्या खाली येत नाही, गच्चीवरच्या टाकीचे तर हात पोळवते. वेळ कमी करून धुतले तर आकाशात पट्टे येतात. उन्हाळ्यात काम बंदच ठेवावे का? (जालना)

उत्तर : बंद ठेवायची गरज नाही, पण २० अंशांचा हट्ट सोडावा. मराठवाड्यात बाराही महिने २४ अंश हेच आपले तापमान मानले तर थंडीतही साधते आणि उन्हाळ्यातही. तापमान ४ अंश वाढले की वेळ साधारण तीस टक्के घटते: १३ मिनिटांची सव्वानऊ होतात. ३१ अंशांवर तीच वेळ पाच मिनिटांच्या आत जाते. इतक्या थोड्या वेळात डेव्हलपर ओतण्या-काढण्यातले पंधरा सेकंदही भारी पडतात, म्हणून पट्टे.

कोरड्या उन्हाळ्यात रांजण किंवा माठ ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्याला ठेवला की पाणी चांगलेच उतरते. त्याच पाण्याने डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण), हायपो (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या एका घमेल्यात ठेवून सगळ्यांचे तापमान सारखे करा. उरलेले दोन-तीन अंश कमी करायला बर्फ बाटलीत भरून, झाकण लावून घमेल्यात सोडा. डेव्हलपरमध्ये बर्फाचा खडा टाकलात तर डायल्यूशनच बदलेल. जूनमध्ये हवा दमट झाली की माठ पूर्वीसारखा गार करत नाही, तेव्हा बर्फावर जास्त भिस्त ठेवावी लागते.

२७ अंशांच्या खाली काही केल्या येत नसेल तर डेव्हलपर पातळ करा. आयडी-११ १+३ केले की एचपी५ प्लसला २० अंशांवर २० मिनिटे लागतात, २७ अंशांवर ती साधारण पावणेअकरा होतात. ही वेळ आरामात सांभाळता येते. मात्र ३०० मिलीच्या टँकमध्ये १+३ म्हणजे मूळ डेव्हलपर फक्त ७५ मिली, आणि तो ३६ फ्रेमना अपुरा पडून निगेटिव्ह पातळ येते. दोन रिळांचा टँक घेऊन त्यात एकच रोल लावा, म्हणजे ६०० मिलीत १५० मिली मूळ द्रावण बसते. ही वेळही तुमच्या कागदावर तपासूनच पक्की करायची.

सर्वांत मोठा धोका शेवटी असतो. डेव्हलपर २४ अंशांवर सांभाळला आणि मग गच्चीच्या टाकीच्या ३८ अंशांच्या पाण्याखाली रोल धरला, तर जिलेटिन फुगते, सुरकुतते, कडेला सुटूही लागते. ते पुन्हा बसत नाही. वाहत्या नळाऐवजी टँकमध्येच धुवा: पाणी भरून ५ वेळा उलटवा, ओता. नवीन पाणी, १० वेळा. पुन्हा नवीन पाणी, २० वेळा. हार्डनर (जिलेटिन कडक करणारे रसायन) नसलेल्या हायपोनंतर इलफर्डची ही पद्धत पुरते, आणि टंचाईच्या दिवसांत लिटरभर पाण्यात रोल स्वच्छ होतो. हार्डनरचा हायपो वापरत असाल तर हे धुणे वाढवावे लागेल.

प्रश्न : वेरूळला कैलास लेणे भर उन्हात आणि त्याच रोलवर श्रावणातल्या ढगांत दौलताबादचा किल्ला असे दोन्ही आहे. ग्रेडेड (ठरावीक एकाच ग्रेडचा) कागद वापरतो. वेळ कुणाच्या बाजूने ठरवावी? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : उन्हाच्या बाजूने. कैलास डोंगरात वरून खाली कोरलेला आहे. दुपारी शिखरावर ऊन पेटलेले असते आणि भोवतालच्या कातळभिंतीखालच्या ओवऱ्या काळ्या पडतात. उजळ दगड आणि ओवरीतला खांब यांत ९ स्टॉपचा फरक सहज येतो. हिशेब करून पाहा. एक स्टॉप म्हणजे ०.३, नऊ स्टॉपचे २.७. लेन्स आणि कॅमेऱ्यातला इकडेतिकडे उसळणारा उजेड त्यातले साधारण ०.४ खातो, उरले २.३. ग्रेड २ ला डिफ्यूजरवर हवे १.०५. म्हणजे उतार १.०५ भागिले २.३, सुमारे ०.४६. नेहमीच्या ७ स्टॉपच्या विषयाला हाच हिशेब ०.६२ येतो. हे अंतर कापायला नेहमीच्या वेळेतून पंचवीस-तीस टक्के कमी करावे लागतात, आणि शॅडो पातळ होऊ नयेत म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप जास्त द्यावे लागते. एक्स्पोजर आधीच झालेले असेल आणि ते तुटपुंजे असेल, तर ओवऱ्यांतला तपशील धुण्याने परत येणार नाही. तो फिल्मवर उमटलेलाच नाही.

किल्ल्याच्या ढगाळ फ्रेम या धुण्यात फिक्या येतील. त्यांना ग्रेड ४ चा कागद द्या. फिकी निगेटिव्ह हार्ड कागदावर उभी राहते, थोडे दाणे दिसतात इतकेच. कोंदलेल्या हायलाइटची निगेटिव्ह मात्र सॉफ्ट कागदावर काढली की पांढऱ्यासाठी सगळे चित्र राखी होते. म्हणून शंका असेल तेव्हा कमी धुवावे.

ग्रेडेड कागदावर शेवटचा अर्धा ग्रेड हातात ठेवायचे दोन जुने उपाय आहेत. एक, दोन ट्रे: आधी फक्त मेटॉलचा मवाळ डेव्हलपर, मग नेहमीचा. पहिल्यात जास्त वेळ ठेवाल तितका प्रिंट सॉफ्ट. दुसरा, कागदाला निगेटिव्हशिवाय अगदी हलका उजेड आधी दाखवणे, एवढाच की तो एकटा धुतला तर करडा होणार नाही. मग शिखरावरच्या उन्हातही दगडाचा पोत उमटतो आणि काळे जसेच्या तसे राहतात. कैलाससारख्या विषयाला आम्हाला हा दुसरा उपाय जास्त पटतो.

पुढच्या वेळी २४ फ्रेमचे दोन रोल न्या, एक उन्हाचा आणि एक ढगाचा, आणि डबीवर तसे लिहा.

प्रश्न : बंद पडलेल्या स्टुडिओतून ‘इंदू’ ब्रोमाइड कागदाची सीलबंद खोकी मिळाली, हार्ड ग्रेडची. अजून चालतील का? (हिंगोली)

उत्तर : उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा तो कागद. त्याची अवस्था कुठे आणि किती उकाड्यात पडून होता यावर आहे. एक कागद सेफलाइटखाली (डार्करूमच्या रंगीत दिव्याखाली) फाडून दोन तुकडे करा. एक सरळ हायपोत टाका, दुसरा उजेड न दाखवता दोन मिनिटे डेव्हलपरमध्ये आणि मग हायपोत. धुऊन दोन्ही शेजारी ठेवा. दुसरा किंचित करडा असेल तर डेव्हलपरच्या लिटरमागे बेंझोट्रायझोलचे एक टक्क्याचे द्रावण १० ते २० मिली घाला. कागद थोडा मंदावतो, एक्स्पोजर वाढवावे लागते, काळ्याला निळसर झाक येते. चांगलाच करडा असेल तर त्यावर श्रम करू नयेत.

चालला तरी खोक्यावरच्या ‘हार्ड’ला प्रमाण मानू नका. जुन्या कागदाचा कॉन्ट्रास्ट खचतो, ग्रेड ३ बहुधा २ सारखा वागतो. वर सांगितलेली पायऱ्यांची पट्टी काढून त्याची खरी ताकद मोजा आणि त्याप्रमाणे रोल धुवा.

प्रश्न : मल्टिग्रेडला ५ नंबरचा फिल्टर लावूनही प्रिंट कडक येत नाही, पांढऱ्यावर धुरकट पडदा राहतो. एन्लार्जरला आता एलईडी बल्ब आहे. संध्याकाळी तर दुपारची वेळही जुळत नाही. (बीड)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळे आजार आहेत.

धुरकट पडदा बहुधा सेफलाइटचा. साधा ब्रोमाइड फक्त निळा उजेड ओळखतो, त्याला स्टुडिओतला पिवळा-नारिंगी दिवा चालायचा. मल्टिग्रेड हिरवाही ओळखतो. त्याच्यात अनेक इमल्शनांचे (उजेड ओळखणाऱ्या द्रव्यांचे) मिश्रण असते: निळ्या उजेडाला सगळी सारखीच जागी होतात आणि प्रिंट हार्ड येतो, हिरव्याला काही लवकर, काही उशिरा, म्हणून सॉफ्ट. किरमिजी फिल्टर हिरवा अडवतो, पिवळा फिल्टर निळा. आता दिव्यातूनच पिवळा-हिरवा उजेड गळत असेल तर तो ५ नंबरचे काम पुसून टाकतो. तपासा असे: कागदाला एन्लार्जरखाली इतका उजेड द्या की तो धुतल्यावर फिकट करडा होईल. मग न धुता सेफलाइटखाली ठेवा, वर एक नाणे, पाच मिनिटे. धुतल्यावर नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदला. लाल किंवा इलफर्डचा ९०२ फिल्टर, १५ वॅटचा बल्ब, कागदापासून किमान चार फूट. कोऱ्या कागदावर ही चाचणी करू नका, थोडा उजेड खाल्लेल्या कागदावरच चोरटा उजेड पकडता येतो.

दुसरे, एलईडी. फिल्टरचे आकडे टंगस्टन बल्बच्या उजेडावर बेतलेले आहेत. एलईडीच्या उजेडात निळा ठरावीक पट्ट्यातच असतो, त्यामुळे ५ नंबर लावून ४ मिळाले तर नवल नाही. पिवळसर ‘वॉर्म’ बल्ब काढून पांढरा लावून पाहा. काही बल्ब बंद केल्यावरही क्षणभर मंद तेवतात, तो उजेडही कागदावर पडतो. जुने किरमिजी फिल्टर उष्णतेने फिके पडतात, तेही नव्याशी ताडून पाहा.

तिसरे, संध्याकाळ. हा त्रास टंगस्टन बल्बवाल्यांना जास्त होतो, पण एलईडीचा ड्रायव्हर हलका असेल तर त्यालाही होतो. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडते. टंगस्टन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो, आणि पिवळाही होतो. म्हणजे मल्टिग्रेडवर प्रिंट फिकाही येतो आणि सॉफ्टही. सर्वो स्टॅबिलायझर लावा, नाहीतर रात्री उशिरा काम करा. टेस्ट स्ट्रिप आणि प्रिंट यांत तासाभराचे अंतर पडू देऊ नका.

आणखी एक गोष्ट: प्रिंट गडद होतोय असे वाटून तो डेव्हलपरमधून घाईने उचलण्याची सवय असेल तर सोडा. अर्धवट धुतलेल्या कागदाला काळेपण येत नाही आणि डागही पडतात. गडद झाला तर एक्स्पोजर कमी करा.

प्रश्न : पायरो डेव्हलपरमध्ये धुतलेली निगेटिव्ह ग्रेडेड कागदावर जोरदार येते, मल्टिग्रेडवर मात्र पांढऱ्यात मऊ पडते. असे का? (नांदेड)

उत्तर : पायरो चांदीबरोबर पिवळट-हिरवट डागही सोडतो, आणि जिथे चांदी जास्त तिथे डाग जास्त. ग्रेडेड कागद फक्त निळ्याला जागतो, त्याच्या दृष्टीने हा डाग म्हणजे जादा घनता, म्हणून कॉन्ट्रास्ट वाढतो. मल्टिग्रेडच्या दृष्टीने तोच डाग सॉफ्ट फिल्टर ठरतो, तोही नेमका हायलाइटमध्ये. ढगांना, पांढऱ्या फेट्यांना हे फार उपकारक आहे. पण त्यामुळे पायरोची वेळ ठरवताना कोणत्या कागदावर ठरवली ते टिपून ठेवा. ग्रेडेडवर बेतलेली वेळ मल्टिग्रेडला पुरणार नाही.

प्रश्न : डी-७६ डेव्हलपर घरी बनवतो. बोअरच्या पाण्यात तळाशी पांढरा गाळ बसतो आणि सुकलेल्या रोलवर ठिपके राहतात, ते प्रिंटवर येतात. (धाराशिव)

उत्तर : जड पाण्यातले कॅल्शियम सल्फाइटबरोबर गाळ होऊन बसते. आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. ७५० मिली पाणी ५० अंशांपर्यंत तापवा. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल २ ग्रॅम पूर्ण विरघळू द्या. त्यानंतर उरलेले सोडियम सल्फाइट, एकूण १०० ग्रॅम होईल इतके, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, आणि पाणी घालून एक लिटर. सगळे सल्फाइट आधी टाकले तर मेटॉल विरघळत नाही. एक रात्र ठेवून मग वापरा.

रोल बोअरच्या पाण्याने धुतला तरी चालेल, फक्त शेवटचे बुडवणे डिस्टिल्ड पाण्यात करा: ३०० मिलीत दीड मिली फोटो-फ्लो (पाणी एकसारखे निथळू देणारे द्रावण), एक मिनिट. जास्त घातले तर त्याचाच ओघळ राहतो. बोटांनी किंवा स्पंजने पुसू नका, रोल थोडा तिरका टांगून खालच्या कोपऱ्यातून निथळू द्या. आधीच ठिपके पडलेला रोल पुन्हा दहा मिनिटे स्वच्छ पाण्यात भिजवून याच पद्धतीने सुकवला तर बरेचसे ठिपके जातात. जे फिल्मच्या चकचकीत पाठीवर उरतील ते ओल्या मऊ कापडाने हलके टिपता येतात, इमल्शनच्या बाजूला मात्र कापड लावू नका.